टकटक वाढली म्हणून फ्लॅशर बदलू नका

गणपती गावी गेले, पाऊस ओसरला, की माझ्याकडे इंडिकेटरची पत्रं यायला लागतात. चार महिने पाणी प्यायलेल्या गाड्या तेव्हा कुठे बोलायला लागतात. यंदा इतकी पत्रं आली की एसी आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि हे पान इंडिकेटरलाच देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी मिरजेत १९८७ पासून गाड्यांचं वायरिंग करतो. गावात मला कुणी मेकॅनिक म्हणत नाही, वायरमनच म्हणतात. इंजिनाचं विचारू नका, दिव्यांचं विचारा.

प्रश्न : माझी २०००सालची मारुती ८०० आहे. २०२१च्या पुरात ती अंगणात सीटपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिन, सीटा, ब्रेक सगळं करून घेतलं, गाडी छान चालते. पण गेलं वर्षभर डावा इंडिकेटर दिला की टकटक दुप्पट वेगाने होते. उजवा व्यवस्थित. दोनदा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलला, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विचही बदलला, फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात, अख्खं वायरिंग बदला. पासिंग तोंडावर आलंय. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

वायरिंग बदलू नका. निदान या आठवड्यात तरी नको.

टकटक एकाच बाजूला वाढते, हे तुम्हीच लिहिलंय आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना फ्लॅशर एकच असतो. तो बिघडला असता तर दोन्हीकडे बोंब असती. त्याने उजवीकडे नीट चालायचं आणि डावीकडे धावायचं, असं राजकारण फ्लॅशरला येत नाही.

फ्लॅशरला बल्ब दिसत नाहीत, त्याला करंट कळतो. पुढचा बल्ब २१ वॅटचा, मागचा २१ वॅटचा, फेंडरवर बारका असेल तर तो ५ वॅटचा. एका बाजूला झाले ४७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ४ अँपिअर. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा करंट सतत मोजत असतो. २१चा एक बल्ब गेला की करंट निम्म्यावर येतो, आणि फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवतो. ड्रायव्हरला कळावं, बाबा रे, उतर आणि बघ, म्हणून ती सोय केलेली आहे. आपण काय करतो? निरोप आणणाऱ्यालाच बदलतो.

हसत नाहीये मी तुम्हाला. १९९२-९३च्या सुमाराला एका डॉक्टरांच्या गाडीत मी स्वतः तीन फ्लॅशर घातले होते. तिसऱ्या वेळी पैसे मागायची लाज वाटली. माझे उस्ताद बाकड्यावर चहा पीत बसले होते. ते उठले, गाडीमागे गेले, दिव्यावर मूठ मारली. टकटक जागेवर आली. काही न बोलता परत जाऊन चहा प्यायला बसले.

तेव्हा आधी गाडी सावलीत उभी करा, चारही इंडिकेटर एकदम लावा आणि खाली उतरून गाडीला एक प्रदक्षिणा घाला. नुसतं पेटतंय की नाही एवढंच बघू नका. मागच्या डाव्याची मागच्या उजव्याशी तुलना करा. मला वाटतं, तुमचा मागचा डावा पेटत असेल, पण आजाऱ्यासारखा. म्हणूनच इतक्या लोकांच्या नजरेतून तो सुटला. पूर्ण गेलेला बल्ब पोरगंही सांगतं, मंद पेटणारा बल्ब चांगल्या चांगल्यांना फसवतो.

आता बल्ब काढा. त्यावरचा आकडा वाचा. घाईत कुणी १० वॅटचा किंवा ५ वॅटचा ठोकलेला असेल तर दुखणं तिथेच मिटलं. दोन पॉइंटचा बल्ब एका पॉइंटच्या होल्डरमध्ये दाबून बसवलेला मी कितीदा तरी पाहिलाय. पिना जुळत नाहीत, तरी माणूस जोर लावतो. बल्ब बरोबर असेल तर त्याच्या बुडाचा शिशाचा टिळा बघा. वर्षानुवर्षं होल्डरची पत्ती टोचून त्यात खळगा पडतो, पत्तीही दमून खाली बसते. पत्ती नखाने अलगद वर उचला. होल्डरच्या आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर तो काट. पॉलिश पेपरची सुरळी करून पेन्सिलीच्या मागच्या टोकाला गुंडाळा आणि आत फिरवा. हे करताना इंडिकेटर बंद ठेवा.

एवढ्यावर भागलं नाही तर खरी परीक्षा घ्या. दोन मीटर वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला पक्कं बांधा. बल्ब होल्डरमध्ये लावून डावा इंडिकेटर द्या आणि वायरचं दुसरं टोक होल्डरच्या बाहेरच्या पत्र्याला टेकवा. फक्त बाहेरच्या पत्र्याला. मधल्या पॉइंटला लागलं तर फ्यूज जाईल. टेकवल्याबरोबर बल्ब लख्ख झाला आणि टकटक धिमी झाली, की चोर सापडला. अर्थ, म्हणजे करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, खराब आहे.

पूर पाहिलेल्या गाडीत दहापैकी आठ वेळा मला हाच चोर भेटलाय. मागच्या दिव्यापासून एक काळी वायर निघते आणि जवळच कुठेतरी एका स्क्रूने बॉडीच्या पत्र्याला जखडलेली असते. वायरीच्या टोकाला जी धातूची कडी असते ती थिंबल, तिच्याखाली गंजाचा पापुद्रा धरतो. वरून स्क्रू घट्ट, हलवून बघितला तर हलत नाही, सगळं ठीक वाटतं. पण तो पापुद्रा एक ओहम जरी अडवत असेल, तरी ७ ओहमच्या बल्बला १२ व्होल्टऐवजी साडेदहाच मिळतात, आणि तेवढ्याने उजेड तिसऱ्या हिश्शाने तरी पडतो. गंज वाढत गेला की करंटही बराच घटतो. मग फ्लॅशरला वाटतं, बल्ब गेला. स्क्रू काढा, पत्रा आणि थिंबल दोन्ही घासून पांढरं लोखंड दिसू द्या, दातेरी वॉशर घालून आवळा, आणि सगळं झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा. आधी फासून मग आवळू नका.

पुराच्या गाडीची आणखी एक खोड आहे, ती मात्र चिवट. वायरीच्या कापलेल्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि प्लॅस्टिकच्या आवरणाखालून वातीतल्या तेलासारखं चढत जातं. बाहेरून वायर नवी कोरी, आत तांबं काळं पडून भुगा झालेलं. थिंबलजवळ वायर वाकवून बघा. करकरली, किंवा गवताच्या काडीसारखी कडक लागली, तर कापत कापत मागे जा, लालसर तांबं लागेपर्यंत. कधी दोन इंच जावं लागतं, कधी वीतभर. तेवढा तुकडा नव्या वायरने जोडा, सोल्डर करा, काळी टेप नको, आकसणारी नळी घाला. टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो आणि पुढच्या पावसाळ्यात तुम्ही मला पुन्हा पत्र लिहिता.

जाता जाता एक खूण सांगतो, तिला हत्यार लागत नाही. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, साइड लाइट लावा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मिणमिणला, किंवा साइड लाइट विझल्यासारखी झाली, तर त्या दिव्याचा अर्थ गेलाय असं डोळे मिटून समजा. घरातली मोरी तुंबली की पाणी न्हाणीतून वर येतं ना, तसंच हे. ब्रेकच्या बल्बचा करंट बॉडीत उतरायला वाट शोधतो, ती मिळाली नाही की शेजारच्या बल्बमधून उलटा घुसतो.

पासिंगचं म्हणाल तर तिथे दिवे बघतात, वायरिंग नवं की जुनं हे कुणी विचारत नाही. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा. १५ ते ३०च्या मध्ये आला की निवांत जा.

प्रश्न : १९९८ची झेन. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद पडलेत, पण चारही एकदम लावायचं बटण दाबलं तर मस्त लुकलुकतात. कधी खड्ड्यात आदळली तर इंडिकेटर आपोआप सुरू होतात, पुन्हा दोन दिवसांनी बंद. गॅरेजमध्ये नेली की हमखास चालू असतात, त्यामुळे तिथे माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. मीटरने तपासलं तर म्हणे १२ व्होल्ट येतायत. (एक वाचक भगिनी, कोथरूड, पुणे)

ताई, तुमच्याकडे नाही, त्या मीटरकडे वेड्यासारखं बघायला हवं होतं. त्याचं पुढे सांगतो.

चारही एकदम लुकलुकतात ना? मग फ्लॅशर चांगला. चारही बल्ब चांगले. बल्बकडे जाणाऱ्या वायरी चांगल्या, अर्थही चांगले. एका बटणाने निम्मी गाडी तपासून झाली. राहिलं काय? चावी फिरवल्यावर इंडिकेटरला जी वीज मिळते तिचा रस्ता.

जुन्या गाड्यांत हॅझर्डची, म्हणजे चारही एकदम लावायची, वीज बॅटरीवरून थेट येते, म्हणून चावी खिशात असली तरी चारही दिवे लागतात. इंडिकेटरची वीज चावीतून, वेगळ्या फ्यूजमधून येते. या दोन विजा फ्लॅशरपाशी येतात, पण एका वेळी एकीलाच आत घ्यायचं असतं. ते काम करतं कोण? बहुतेक जुन्या गाड्यांत ते हॅझर्डचं बटणच करतं. ते वर असतं तेव्हा चावीची वीज त्याच्या पोटातून जाते, दाबलं की बॅटरीची. म्हणजे बटण दाबलेलं नसतानाही इंडिकेटर त्याच्यावरच अवलंबून असतो. हे कुणाच्या डोक्यात येत नाही. इंडिकेटर बंद आहे म्हणून लोक स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी खोलतात, हॅझर्डच्या बटणाकडे कोण कशाला बघेल?

आणि हे बटण वर्षातून चार वेळा दाबलं जातं. आतले पितळी ठिपके एकाच जागी टेकून राहतात, त्यांच्यावर काळा थर धरतो, आपण त्याला कार्बन धरला म्हणतो. खड्ड्यात हादरा बसला की ठिपका जरासा सरकतो, इंडिकेटर सुरू. गॅरेजला जाताना तुम्हाला वाटेत खड्डे लागतातच. गॅरेजात ती हमखास चालू का असते, त्याचं कारण यात बसतं.

पहिला इलाज फुकट आहे. चावी लावा, डावा इंडिकेटर द्या, आणि हॅझर्डचं बटण तीस-चाळीस वेळा दाबा-सोडा. भराभर, बोट दुखेपर्यंत. बटण वर असताना डावा अचानक बोलायला लागला तर निदान पक्कं. हा इलाज कधी दोन महिने टिकतो, कधी दोन वर्षं. मनात शंका नको असेल तर बटण बदला किंवा साफ करून घ्या. साफ करायला काँटॅक्ट क्लीनरचा फवारा चालतो. गंज सोडवायचं तेल मारू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

स्वतः खोलणार असाल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून खोला. आत मोहरीच्या दाण्याएवढी स्टीलची गोळी आणि तिच्यामागे केसाएवढी स्प्रिंग असू शकते. झाकण सुटलं की गोळी टुणकन उडते आणि सीटखाली जाते. माझ्या दुकानाच्या फरशीच्या भेगांत अशा किती गोळ्या गेल्या असतील, देव जाणे.

बटणाने काही झालं नाही तर फ्यूजपेटीकडे वळा. इंडिकेटरच्या फ्यूजवर आणखी काय काय चालतं ते पेटीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. त्यातलं दुसरं काही, समजा रिव्हर्सचा दिवा, त्याच वेळी बंद असेल तर फ्यूज किंवा त्याची बैठक. फ्यूज चांगला दिसला तरी काढून पुन्हा घाला, पायांवर काट धरतो. मग राहते दांडी. इंडिकेटर देऊन दांडी अर्धा सेंटीमीटर वर-खाली धरून बघा. एका विशिष्ट जागी धरल्यावरच चालत असेल तर आतलं ग्रीस वाळून दगड झालंय.

आता मीटर. डिजिटल मीटरला वीज लागते नावापुरती. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असल्या आणि एक धागा शिल्लक असला, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. काम करणारा माणूस आहे का, असं विचारल्यावर आहे म्हणावं, आणि पोतं उचलायला सांगितलं की गायब, तसला प्रकार. म्हणून माझ्या खिशात मीटर नाही, २१ वॅटचा जुना बल्ब असतो. दोन वायरी सोल्डर केलेल्या, एकीला चिमटा. चिमटा चांगल्या अर्थला, दुसरं टोक तपासायच्या जागी. बल्ब लख्ख पेटला तर वीज आहे, मिणमिणला तर वाटेत कुणीतरी खातंय. तुमच्या झेनला हे चालतं. एअरबॅग आणि कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीत असा बल्ब कुठेही टोचू नये, तिथे दहा-बारा हजारांचा धूर निघू शकतो.

प्रश्न : माझ्या २००३च्या सँट्रोला चारही इंडिकेटर एलईडी बसवले. आता वेड्यासारखे पळतात. दुकानदाराने रेझिस्टर लावून दिले तर वेग ठीक झाला, पण मागच्या दिव्यातून जळका वास येतो. मित्राने त्याच्या जुन्या बाइकला एलईडी लावले तर तिचे एका बाजूचा दिला की चारही लुकलुकतात! एलईडी खराब निघाले का? (एक वाचक, नाशिक)

एलईडी चांगले आहेत मित्रा, गाडीला त्यांची सवय नाही. २१ वॅटच्या जागी तू दोन-तीन वॅट बसवलेस. चिपळूणच्या उत्तरात लिहिलंय तेच, फ्लॅशरला वाटलं बल्ब गेले.

दुकानदाराने लावला तो साधारण ६ ओहमचा, सोनेरी अंगाचा रेझिस्टर असणार. तो वाचवलेले २० वॅट नुसती उष्णता करून जाळतो. एलईडी लावून वीज वाचवायची आणि शेजारी शेगडी पेटवून ती खर्च करायची! वर तो प्लॅस्टिकच्या दिव्याला चिकटवलाय. आजच्या आज काढ. फारच हौस असेल तर तो पत्र्यावर स्क्रूने बसवतात, वायरीपासून आणि प्लॅस्टिकपासून लांब. त्याहून शहाणपणाचं म्हणजे एलईडीसाठीचा, लोड न मोजणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाल. घेताना पाय मोज आणि खुणा वाच. तीन पायांच्या फ्लॅशरवर कुठे बी, एल, ई लिहिलेलं असतं, कुठे ४९, ४९ए, ३१. बी आणि ४९ म्हणजे येणारी वीज, एल आणि ४९ए म्हणजे दिव्यांकडे जाणारी, ई आणि ३१ म्हणजे अर्थ. क्रम दोन कंपन्यांचा सारखा नसतो. खोबणीत बसला म्हणजे जुळला, असं नाही. आणि एक जाणून ठेव, या फ्लॅशरने बल्ब गेल्याची वर्दी बंद होते. अधूनमधून उतरून बघायचं काम आता तुझं.

मित्राच्या बाइकची गंमत वेगळी आहे. बऱ्याच जुन्या बाइकवर आणि काही जुन्या गाड्यांत समोरच्या स्पीडच्या मीटरवर इंडिकेटरचा एकच बारका दिवा असतो, डाव्या-उजव्या दोघांत मिळून. त्याची एक वायर डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला. डावा दिला की वीज त्या बारक्या दिव्यातून उजव्या बल्बमध्ये जाऊन अर्थ होते. जाते ती इतकी थोडी की २१ वॅटच्या बल्बला तिचा पत्ताही लागत नाही. एलईडीला मात्र तेवढी चिमूटभर पुरते. म्हणून चारही लागतात. बारक्या दिव्याची मधली जोडणी तोडून दोन्ही बाजूंकडून एकेक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा तुकडा) घालून त्याच्यापर्यंत आणायचं आणि त्याचं दुसरं टोक अर्थ करायचं. कुठलाही वायरमन वीस मिनिटांत करेल.

माझं मत विचारशील तर सँट्रोला पुन्हा साधे बल्ब लाव. उन्हात ते जुन्या काचेतून जास्त चांगले दिसतात. ती काच आणि आतला आरसा त्या तारेच्या बल्बसाठीच कोरलेले असतात.

प्रश्न : वडिलांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली आहे. सिग्नलला उभी असताना इंडिकेटर रेंगाळतो, कधी पेटून तसाच राहतो. ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा नीट. हेडलाइट लावल्यावर जास्त त्रास. मूळचा गोल, डबीसारखा फ्लॅशर आहे, तो बदलावासा वाटत नाही. (एक वाचक, गिरगाव, मुंबई)

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवलेली, तिची वीस वर्षं २०२३च्या ऑक्टोबरात भरली आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली घरची गाडी अजून कुणीतरी चालवतंय, तीही मूळच्या डबीसकट!

ती डबी उष्णतेवर चालते. आत धातूची पट्टी असते. करंट वाहिला की तापते, वाकते, जोड सुटतो, दिवा विझतो. थंड झाली की सरळ होते, जोड लागतो. टक आणि टक. तिच्यात मोजमाप करणारं काही नाही, फक्त ताप आणि गारवा. म्हणून चिपळूणवाल्यांना सांगितलेलं तुम्हाला उलटं लागू आहे. तुमच्याकडे बल्ब गेला तर टकटक वाढत नाही, रेंगाळते किंवा दिवा पेटून राहतो, कारण पट्टी पुरेशी तापतच नाही.

उभ्या गाडीत चार्जिंग कमी, हेडलाइटने उरलेली वीज ओढली, व्होल्ट पडले, पट्टी कोमट राहिली. ॲक्सिलरेटर दिला की व्होल्ट चढले. तेव्हा दुखणं डबीचं नसून बॅटरी-चार्जिंगचं असण्याचा संभव जास्त. इंजिन जरा वर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरा (इथे मीटर चालतो). १३.८ ते १४.४च्या आसपास हवं. नसेल तर चार्जिंगचा पट्टा (बेल्ट) ढिला आहे का ते आधी बघा. बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुऊन घासा. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारे जाड अर्थ पट्टे काढून साफ करा. मग चारही होल्डर, वर सांगितल्याप्रमाणे.

डबीवर संशय उरलाच तर तिची परीक्षा सोपी आहे. डबी काढा, तिच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरी १० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या तुकड्याने एकमेकींना जोडा, इंडिकेटर द्या. दिवे न लुकलुकता स्थिर आणि लख्ख पेटले तर वायरिंग निर्दोष, डबी म्हातारी झाली. मंद पेटले तर डबीला हात लावू नका. बाकी वाचकांनीही हा तुकडा करून ठेवा, साध्या दोन-तीन पायांच्या फ्लॅशरला तो चालतो.

एक सावधगिरी. या डबीवर चारही दिव्यांचं बटण कुणी नंतर जोडून घेतलं असेल तर ते काढा किंवा त्याला वेगळा फ्लॅशर द्या. डबी दोन मोठ्या बल्बांच्या हिशेबाने बनवलेली, तिच्यातून चारांचा करंट सोडला की पट्टी भराभर तापून वेडीवाकडी होते. डबी बदलावीच लागली तर नवी आतून बसवा आणि जुनी तिच्या जागी नुसती दिसायला राहू द्या. त्यात कमीपणा नाही. मॉरिस मायनरच्या दारामागच्या खांबातून पूर्वी केशरी हात बाहेर यायचा, १९६१ला तो जाऊन लुकलुकणारे दिवे आले. तो हात राखून मागे बारीक दिवा बसवलेली एक गाडी मी कोल्हापुरात पाहिलीय.

प्रश्न : चौकात सरळ जायचं असेल तर चारही इंडिकेटर लावावेत, असं मुलगा म्हणतो. बरोबर आहे का? आणि पावसात घाटातून चालताना? (एक वाचक, कऱ्हाड)

नाही, आणि नाही. सरळ जायला काहीही लावायचं नसतं. तुमच्या डावीकडच्या माणसाला गाडीच्या आडामुळे फक्त डावाच दिसतो, तो समजतो तुम्ही डावीकडे वळताय, आणि पुढे घुसतो. घाटातही तेच. बहुतेक गाड्यांत चारही लावले की डावा-उजवा द्यायची सोयच उरत नाही, आणि पुढची गाडी बंद पडलीय की चालतेय हे मागच्याला कळत नाही. खंडाळ्याच्या धुक्यात मी एकदा तसाच एका चालत्या गाडीला चुकवायला गेलो होतो, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. पावसात हेडलाइट लावा, लो बीमवर, आणि हळू चाला. चारही दिवे गाडी बंद पडून उभी राहिली तर.

ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन तुम्हाला ‘जा पुढे’ म्हणतो, त्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो वळूही शकतो. त्याच्या हाताकडे बघा.

ता.क. : चिपळूणचे वाचक, ते काढून टाकलेले फ्लॅशर आणि स्विच फेकले नसतील तर डिकीत ठेवा. बहुधा सगळे चांगलेच आहेत.